पॉइंटर कुणाचा, रिलीज कुणी करायचं?
ग्राफिक्स डीबगिंगच्या एका टूलमधलं फंक्शन टेक्स्चरचा (चित्राच्या डेटाचा) पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, हातात देतं. काम झाल्यावर तो रिलीज करायचा, म्हणजे सोडून द्यायचा, कुणी? डॉक्युमेंटेशन काय म्हणतं? ‘टेक्स्चर परत करतं.’ अरे, ते फंक्शनच्या नावावरूनच कळतंय! मालकी माझी की उसनं दिलंय? कॅप्चर (टूलने टिपून ठेवलेली फ्रेम) बंद केल्यावर पॉइंटर जिवंत राहतो की गचकतो? मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ग्राफिक्स लायब्ररीमध्ये ‘गेटडिव्हाइस’ फंक्शन मारलं की रेफरन्स काउंट (किती जण वापरतायत याची मोजणी) 1 ने वाढतो, काम झालं की रिलीज करा, हे निदान लिहिलेलं तरी आहे. इथे? ‘सोर्स कोड वाचा.’ कधी? विरार फास्टमध्ये एका पायावर उभं राहून? एक रिलीज राहिलं की मेमरी लीक (मेमरी अडकूनच राहते), एक जास्त झालं की क्रॅश, तोही नेमका डेमोच्या वेळी. आणि हे म्हणे डीबगिंगचं साधन! एक ओळ लिहायला पैसे पडतात का?