सात भोकांचा दांडा

मेटल डिटेक्टर घ्यायला मला एक संध्याकाळ पुरली. त्याच्या जोडीच्या स्कूपला दांडा बसवण्यात मात्र अख्खा मोसम गेला, आणि तो बसला आहे असं अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: समुद्रकिनाऱ्यावर वाळूत हरवलेल्या धातूच्या वस्तू शोधायच्या. यंत्र वाळूवर 'टुंई' करतं आणि आपण तिथे खणतो. साध्या फावड्याने खणलं तर वस्तू वाळूबरोबर पुन्हा खड्ड्यात घसरते. पाण्यात तर खड्डाच जागेवर राहत नाही. म्हणून स्कूप. स्कूप म्हणजे पुढे धारदार जीभ आणि अंगभर दहा-बारा मिलिमीटरची भोकं असलेली स्टेनलेस स्टीलची बादली. टाच देऊन ती वाळूत रोवायची, दांडा मागे ओढायचा, उचलून हलवायची. वाळू गळून जाते, उरतं ते आपलं. बहुधा बाटलीचं बूच. (कानातला बारीक खडा असेल तर तोही वाळूबरोबर गळून जातो, पण ते आपल्याला कळत नसल्यामुळे दुःख होत नाही.)

बादली तयार मिळते. दांडा ज्याचा त्याने बघायचा असतो.

माझ्या स्कूपबरोबर आलेला दांडा हातभर होता. हातभर दांड्याने खणायचं म्हणजे प्रत्येक बुचापुढे लोटांगण घालायचं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली आणि मी लांब दांड्याच्या शोधाला लागलो.

लांब म्हणजे किती? जाणकार सांगतात, स्कूप रोवून उभं राहिलं की वरचं टोक बेंबीच्या वर आणि छातीच्या खाली कुठेतरी यावं. मी घरात स्कूप उभा केला, शेजारी ताठ उभा राहिलो आणि बायकोच्या हातात टेप दिली.

"स्कूप लादीवर उभा आहे," ती म्हणाली.

"मग?"

"काही नाही."

'काही नाही'चा अर्थ मला वाळूत कळला. वाळूत बादली चांगली वीतभर आत जाते. लादीत ती जात नव्हती.

पहिला लांब दांडा स्टेनलेसच्या पाइपचा. ३८ मिलिमीटर व्यास, दीड मिलिमीटर जाडी, सव्वा मीटरच्या आसपास लांबी. हे ऐकायला नाजूक वाटतं, वजन भरतं दीड किलोच्या वर. त्यात बादलीचं वजन मिळवा. बादलीतल्या ओल्या वाळूचं मिळवा, जिचा एक लिटर दोन किलोच्या घरात जातो. दहाव्या बुचापर्यंत माझे दोन्ही हात गुडघ्यापर्यंत लांबले होते.

शिवाय तो पाइप गात असे. म्हणजे गायचा डिटेक्टर, पण गाववायचा पाइप. उजव्या हातात यंत्र, डाव्या हाताने ओढत नेलेला स्कूप. चालता चालता स्कूप जरा पुढे आला की हेडफोनमध्ये असा खणखणीत आवाज, की मी जागच्या जागी वाकून खणायला लागायचो. असल्या घोळात मी एकटा नाही. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे आहे ते शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं नवं यंत्र घेऊन गेले होते. राष्ट्राध्यक्ष ज्या गादीवर निजले होते तिच्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्राला चकवलं आणि गोळी काही सापडली नाही. बेलना निदान गादीवर ठपका ठेवता आला. माझी गादी माझ्याच हातात होती.

मग लाकूड. किनाऱ्यावर भेटणाऱ्या एका काकांचा दांडा लाकडी होता, वर्षानुवर्षांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेला. त्यांनी पथ्यं सांगितली. लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात, गाठ नको, जवसाचं तेल दोन-तीनदा जिरवायचं. "आणि लाकडाचा एक गुण आहे," काका म्हणाले, "मोडतं, पण आधी करकरतं. सांगून मोडतं."

सगळी पथ्यं पाळली. रंध्याने खालचं टोक निमुळतं केलं, बादलीला दांड्यासाठी असलेल्या खोबणीत ठोकून बसवलं, आरपार भोक पाडून बोल्ट घातला. 'गोतास काळ कुऱ्हाडीचा दांडा' असं म्हणतात, पण माझ्या गोतात मी एकटाच असल्यामुळे मी निर्धास्त होतो. कमरेएवढ्या पाण्यात एक खोल सिग्नल लागला आणि मी दांड्यावर अंग टाकून ओढलं. दांडा करकरला असणारच. माझ्या कानांवर हेडफोन होते.

तो बरोबर बोल्टाच्या भोकाशी मोडला. सगळा ताण खोबणीच्या तोंडाशी येतो आणि नेमकं तिथलंच लाकूड मी पोखरून ठेवलं होतं. वरचा दांडा तरंगत निघून गेला, स्कूप तळाशी राहिला. गढूळ पाण्यात पायांनी चाचपूनही लागेना, तेव्हा डिटेक्टर फिरवला. या छंदात मला मिळालेला सर्वांत जोरदार सिग्नल तोच.

ॲल्युमिनियमबद्दल जास्त लिहीत नाही. हलकं असतं, पण वाकतं, आणि एकदा वाकलं की आपल्याकडे बघून हसल्यासारखं दिसतं.

शेवटी कार्बन फायबर. व्यास आणि जाडी तीच, वजन अर्धा किलोसुद्धा नाही. हातात घेतल्यावर आपण उगीचच तरुण होतो. खोबणीचं तोंड ४० मिलिमीटर, पाइप ३८. दोन मिलिमीटरचं काय एवढं, असं वाटतं. खालचे दोन मिलिमीटर वरच्या टोकाला बोटभर डुलतात. ती फट टेप गुंडाळून आणि इपॉक्सी, म्हणजे घट्ट वाळणारा गोंद, भरून बुजवली. पाइप पोकळ, बोल्ट आवळला की चेपून तडकतो, म्हणून आत लाकडाचा गट्टू ठोकला. ही दोन कामं मी चक्क बरोबर केली आणि तिथेच माझा तोल गेला.

भोकं पाडायची होती चार. दोन बोल्ट, प्रत्येकाला एक जायचं आणि एक यायचं. कार्बनला भोक पाडताना तोंडाला मास्क हवा, कारण त्याची भुकटी फुप्फुसात जायला नको. भोकाच्या जागी टेप हवी, नाहीतर कडेचे धागे पिंजारतात. ड्रिल दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चालवायचं. मास्क घातला, टेप लावली, आणि ड्रिल एकाच बाजूने आरपार घातलं. ते पलीकडे निघालं, पण खोबणीच्या भोकात नाही, तिच्या जरा वर. पाइप फिरवून पुन्हा. मग फिरवलेला पाइप सरळ करून पुन्हा. थांबलो तेव्हा भोकं सात झाली होती. बासरीलाही इतकीच असतात, सहा बोटांची आणि एक फुंकेचं.

हा निव्वळ विनोद नाही. वारा सुटला की माझा दांडा खरोखर वाजतो. पाण्यातून उचलला की तिसऱ्या भोकातून चिळकांडी उडते आणि ती नेमाने माझ्याच बुटात पडते. जादा भोकांत इपॉक्सी भरून पाहिलं. तेव्हापासून सूर फक्त वर चढला आहे.

बोल्ट मात्र उत्तम आणले होते, ३१६ जातीच्या स्टेनलेसचे. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त टिकतात. ही माहिती मी बायकोला दोनदा सांगितली. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडा आणि वेगात फिरवला तर आटे तापून एकमेकांत रुततात, ही माहिती मला तोवर नव्हती. ग्रीसचं बोट लावून पान्याने सावकाश आवळायचा, एवढंच पथ्य. हात दुखत होते, म्हणून मी नट ड्रिलने फिरवला. अर्ध्यावर 'च्यँक' झालं. आता तो नट पुढे जात नाही, मागे येत नाही. दांडा किंचित हलतो, पण निघत नाही.

आणि दांडा काढता-घालता येईल, या भरवशावर मी तो भरपूर लांब ठेवला होता. मागच्या वेळची ती वीत लक्षात होती ना!

त्यामुळे स्कूप आता डिकीत मावत नाही. बादली पुढच्या सीटवर ठेवावी लागते, दांडा दोन सीटांच्या मधून मागे जातो आणि बायको मागच्या सीटवर त्याच्या शेजारी अंग चोरून बसते. परवा असेच निघालो. गाडी सुरू केली आणि आवाज यायला लागला: स्वच्छ, ठसठशीत, एका लयीत. मी सवयीने इंजिन बंद केलं आणि मान वाकडी करून ऐकू लागलो.

"सीटबेल्टचा आहे तो," मागून बायको म्हणाली. "बादलीचं वजन सीटला माणसाचं वाटतंय. खणू नकोस."