‘वॉर’ हा आयआरएचा अल्बम नाही

डब्लिनच्या यूटू या बँडच्या १९८३ सालच्या ‘वॉर’ अल्बमबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं असं: नावच युद्ध, पहिलं गाणं ‘संडे ब्लडी संडे’ म्हणजे आयआरएचं (उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश सत्ता संपवायला लढणारी सशस्त्र संघटना) बंडगीत, ड्रम लष्करी, मुखपृष्ठावर दंगलीत सापडलेलं पोर, तेव्हा हा सशस्त्र लढ्याचा प्रचार. ‘न्यू इयर्स डे’ तेवढं नववर्षाच्या पार्टीचं. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे, आणि बंडगीताचा तर मृतांवरही अन्याय करणारा.

३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या बोगसाइड भागात, खटल्याविना स्थानबद्ध करण्याच्या धोरणाविरुद्ध निघालेल्या नागरी हक्क मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने गोळ्या झाडल्या. हाच तो ‘ब्लडी संडे’, रक्तरंजित रविवार. १३ जण त्याच दिवशी गेले, चौदावा काही महिन्यांनी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या विजरी या सरकारी चौकशी अहवालाने सैनिकांवरचा बराचसा ठपका पुसून टाकला. मेलेल्यांपासून कुणालाच धोका नव्हता, हे नंतरच्या सॅव्हिल चौकशीने सांगायला १५ जून २०१० उजाडलं. म्हणजे १९८२ मध्ये हे गाणं आकार घेत होतं तेव्हा डेरीला न्याय मिळालेला नव्हता. अशा वेळी सूडाचं गाणं लिहिणं सोपं होतं. जॉन लेनन आणि योको ओनो यांचं याच नावाचं १९७२ चं गाणं उघडपणे एक बाजू घेतं. नाव एकच असल्यामुळे त्या गाण्याचा आशय यूटूच्या गाण्याला चिकटवला जातो.

यूटूच्या गाण्याचा पहिला मसुदा गिटारवादक एजचा. गायक बोनो तेव्हा मधुचंद्राला गेला होता. मसुद्याच्या पहिल्याच ओळीत आयआरए आणि तिची कट्टर विरोधक, ब्रिटननिष्ठ यूडीए, या दोघींच्या ‘हक्कां’ची भाषा धुडकावलेली होती. पुढे ती ओळ गेली आणि बातमी ऐकून सुन्न झालेल्या माणसाचे शब्द आले. अंतिम गाण्यात ना डेरीचं नाव, ना सैन्याचं, ना कुठल्या संघटनेचं. गोळी कुणी झाडली हेच न सांगणारं गाणं डेरीच्या माणसाला अपुरं वाटू शकतं, आणि हा आक्षेप रास्त आहे. पण तो ‘प्रचार’ या आरोपाच्या नेमका उलटा आहे.

१९८३ च्या दौऱ्यात बोनो गाण्याआधी ‘हे बंडगीत नाही’ असं बजावायचा आणि मंचावर पांढरं निशाण फडकायचं. ८ नोव्हेंबर १९८७ ला आयआरएने उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनमध्ये युद्धस्मृतीच्या कार्यक्रमात बॉम्ब उडवून ११ जणांचा जीव घेतला. त्याच रात्री डेन्व्हरमध्ये याच गाण्याच्या मध्यावर बोनोने, दूर अमेरिकेत बसून या ‘क्रांती’चे गोडवे गाणाऱ्यांना खडसावलं. ते चित्रफितीत आहे. मजकूर पुढे ढकलण्याआधी तेवढं पाहावं. १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्येही यूटूने सुरुवात याच गाण्याने केली होती.

ड्रम लष्करी आहेत, हे मात्र खरं. विंडमिल लेन स्टुडिओत निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइटने लॅरी मलनचे ड्रम जिन्यात वाजवून घेतले, कारण त्याला भरदार आवाज आणि नैसर्गिक घुमारा हवा होता. पण वर गिटार काय करते तेही ऐका. बी मायनर, डी, जी सिक्स या तीन कॉर्डच्या तारा एज एकेक करून छेडतो. घरी वाजवताना बहुतेकांचं चुकतं ते इथेच: सगळ्या तारांवर जोरात हात मारला की गाण्याचं संचलन होतं, आणि जी सिक्सऐवजी साधा जी धरला की त्यातला ई हा स्वर सुटतो, शेवट बंद झाल्यासारखा वाटतो. तो अधांतरी ई म्हणजेच या गाण्याचं दुःख. त्यातच स्टीव्ह विकमचं व्हायोलिन येतं. हा तरुण डब्लिनच्या बसथांब्यावर एजला भेटला होता आणि तुम्हाला व्हायोलिन हवंय का, असं त्यानेच विचारलं होतं.

मुखपृष्ठावरचा मुलगा दंगलीतला नाही. तो बोनोचा मित्र गुगी याचा धाकटा भाऊ. १९८० च्या ‘बॉय’ अल्बमवरही तोच आहे. रणगाडे आणि बंदुका टाळून मुद्दाम मुलाचा चेहरा घेतला गेला.

‘न्यू इयर्स डे’ बोनोच्या पत्नीसाठीचं प्रेमगीत म्हणून सुरू झालं आणि पोलंडकडे वळलं. १३ डिसेंबर १९८१ ला तिथे लष्करी कायदा लागला, सॉलिडॅरिटी ही कामगार चळवळ दडपली गेली, तिचा नेता लेख वालेसा स्थानबद्ध झाला. बर्फातल्या त्या गाण्यामागे त्याचीच प्रतिमा आहे. अॅडम क्लेटनची सुप्रसिद्ध बेसची धून व्हिसाज बँडचं ‘फेड टू ग्रे’ वाजवायचा प्रयत्न करताना सापडली. ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९८२ पर्यंत संपलं आणि ३१ डिसेंबरला पोलंडमधला तो कायदा स्थगित झाला. पार्टीत हे गाणं वाजवायला कुणाची हरकत नाही, पण पार्टीसाठी ते लिहिलेलं नाही.

आणि सगळा अल्बम आयर्लंडबद्दलही नाही. ‘सेकंड्स’ अणुयुद्धाच्या भीतीबद्दल आहे. त्याची सुरुवात एजच्या आवाजात होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘टू हार्ट्स बीट अॅज वन’ सरळसरळ प्रेमगीत आहे. शेवटचं ‘४०’ स्टुडिओची वेळ संपत आलेली असताना झालं. क्लेटन निघून गेला होता, म्हणून बेसही एजनेच वाजवला. त्याचे शब्द बायबलमधल्या चाळिसाव्या स्तोत्रावरून घेतलेले आहेत. मैफिली त्यावर संपायच्या: वादक एकेक करून मंचावरून उतरायचे, शेवटी लॅरीही ड्रम सोडून निघायचा, आणि प्रेक्षक मात्र गातच राहायचे.