यॉर्कला एक दिवस पुरत नाही

लंडनहून सकाळच्या गाडीने येऊन मिन्स्टर हे मोठे चर्च आणि शॅम्बल्स ही जुनी गल्ली पाहावी व संध्याकाळी परतावे, हा यॉर्कविषयीच्या एका प्रवासलेखातील सल्ला इंग्लंडमधील या शहरावर अन्याय करणारा आहे, असे मला मनापासून वाटते. इ.स. ७१ मध्ये रोमनांनी वसवलेल्या या शहराच्या तटबंदीवरून आजही सुमारे साडेतीन किलोमीटर चालता येते, त्यासाठी तिकीट लागत नाही, आणि बूथम बार ते मंक बार या तटबंदीच्या दोन वेशींमधल्या टप्प्यात मिन्स्टरचे जे भव्य दर्शन घडते, ते खालच्या अरुंद गल्ल्यांतून घडत नाही. शॅम्बल्समध्येही केवळ छायाचित्रे काढून पुढे जाऊ नये; ही खाटकांची गल्ली होती, आणि मांस टांगण्याचे लोखंडी आकडे व खिडक्यांखालच्या रुंद फळ्या तिथे अजून दिसतात.

टेकडीवरच्या क्लिफर्ड्स टॉवर या बुरुजाचा उल्लेख त्या लेखात केवळ ‘छान देखावा दिसतो’ एवढाच आहे, हे मात्र खटकले. मार्च ११९० मध्ये याच टेकडीवरील लाकडी बुरुजात आश्रय घेतलेल्या सुमारे दीडशे ज्यूंचा अंत झाला. त्यांपैकी बहुतेकांनी चालून आलेल्या जमावाच्या हाती सापडण्यापेक्षा मरण पत्करले. आजचा दगडी बुरूज त्यानंतर, तेराव्या शतकात उभा राहिला. टेकडीच्या पायथ्याशी या घटनेचा स्मृतिफलक आहे, तो वाचूनच पायऱ्या चढाव्यात.

मुक्काम शक्य असेल, तर तटबंदीची फेरी दुपारी सुरू करावी, कारण अंधार पडताना तिचे दरवाजे बंद होतात.