तळघराची ओल आणि रंगाचे दोन हात

जून उजाडला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत तोच संदेश फिरू लागतो : तळघराच्या ओल्या भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्या, पांढरी बुरशी ब्लीचने धुवा, दारे-खिडक्या सताड उघडी ठेवा, ओल कायमची जाईल. पाणी येते कुठून, हा प्रश्न त्यात कुठेच नाही.

सर्वांत महागात पडतो तो रंगाचा सल्ला. मुंबईचा बराचसा भाग सात बेटांमधल्या खाड्या आणि पाणथळ जागा बुजवून उभा राहिला आहे आणि पावसाळ्यात अशा भरावातले भूजल पुष्कळ वर येते. तळघराच्या भिंतीबाहेर ते २ मीटर चढले, तर भिंतीच्या पायथ्याशी चौरस मीटरला सुमारे २ टन दाब पडतो. बाहेरून दिलेला जलरोधक थर या दाबाने भिंतीला अधिकच घट्ट बिलगतो. आतला रंग मात्र भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्याच्या रेट्याने सुटतो आणि त्याचे पोपडे पडतात. बाहेरून खोदायला जागा नसेल (कुंपण हाताच्या अंतरावर असलेल्या आपल्या इमारतींत ती बहुधा नसतेच), तर भेगांत आणि तळाचा स्लॅब व भिंत यांच्या सांध्यात दाबाने ग्राउट (भेगा बुजवणारे पातळ मिश्रण) भरणे, तसेच झिरपलेले पाणी सम्पमध्ये, म्हणजे पाणी गोळा करण्याच्या खड्ड्यात, नेऊन पंपाने उपसणे, हे मार्ग उरतात.

पांढरी पूड बहुतेक वेळा बुरशी नसून क्षार असतात. पाण्याच्या थेंबात ती विरघळली तर क्षारच समजावेत आणि कोरड्या ब्रशने काढावेत, कारण धुतल्यास ते पुन्हा गिलाव्यात मुरतात.

उघड्या खिडक्यांचा सल्ला ऑक्टोबरनंतर ठीक आहे. जुलैतली दमट हवा तळघराच्या गार भिंतीला लागली की तिथेच दव धरते. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा : थेंब खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतली वाफ, मागच्या बाजूला दिसले तर भिंतीतली ओल. दोन्हीकडे दिसले, तर दोन्ही.

भर उन्हाळ्यातही भिंत ओली राहत असेल, तर पावसाला दोष देण्याआधी शेजारची जमिनीखालची पाण्याची टाकी तपासावी. रात्री टाकीत येणारे पाणी आणि वर चढवणारा पंप दोन्ही बंद करून पातळीवर खूण करावी. सकाळी पाणी खुणेखाली गेले असेल, तर रंगाऱ्याआधी टाकीची दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे.