पेनड्राईव्हवाल्या रसिकांना मार्गदर्शन

परवा आमच्या देवळात पालखी निघण्याआधी तासभर गाणी लावली होती. अभंग ऐन रंगात आला आणि अंतऱ्याच्या मधोमध एका बाईने खणखणीत इंग्रजीत फुकट गाण्यांच्या वेबसाईटचा पत्ता सांगितला. मंडपात एकानेही मान वर केली नाही. समाज तयार आहे, आता थोडे मार्गदर्शन केले की झाले.

पहिले म्हणजे गाणे विकत घेऊ नये. मंडपाच्या हिशेबात त्याला रकानाच नसतो.

फाईल जेवढी लहान तेवढी बरी. सीडी दर सेकंदाला 1411 किलोबिट उधळते. 128 किलोबिटची एमपी3 त्याच्या अकराव्या हिश्शात भागवते. तुम्ही 64वर या. पेनड्राईव्हवर पाच हजार गाणी हवीतच, वाजवायची त्यातली बारा असली तरी.

128ची फाईल नंतर 320 करून घ्यावी. आकडा वाढला की गेलेले सूर परत येतात, अशी श्रद्धा असावी.

गायकाचे नाव पुसावे. अभिषेकीबुवा मंगेशीचे असले म्हणून काय झाले? ‘भक्ती मिक्स न्यू 2’ पुरे.

आता मुख्य उपाय. गाणे यूट्यूबवरून उतरवा, त्याची एमपी3 करा, ती व्हिडिओला जोडून स्टेटसला ठेवा. मग दुसऱ्याने त्या व्हिडिओतून पुन्हा एमपी3 काढावी. यातली गंमत अशी, की एमपी3 घडवताना जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी आधी कानाचा अभ्यास केला. मोठ्या आवाजाच्या आड लपणारा बारीक आवाज कानाला कळत नाही, तर तो ठेवायचाच कशाला? 1995च्या जुलैत त्यांनी फाईलला ‘.एमपी3’ हे शेपूट लावले. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचे त्या काळात हे हुशारीचेच काम होते. पण एकदा कापलेले पुन्हा कापायचे, आणि मग आणखी एकदा? तानपुऱ्याची जवार जाते. टाळ तव्यावर टाकलेल्या बांगड्यासारखे चुरचुरतात. गळ्यातला दाणा विरघळतो, उरते ती पेटीची किरकिर. आणि हे ऐकून आमचा साऊंडवाला मलाच सांगतो, “जुन्या लोकांचे आवाज असेच किरटे असायचे, भाऊ.” नव्हते रे बाबा! तू ऐकलेसच कधी? गायिका केसरबाई केरकर गोव्यातल्या आमच्याच फोंडा तालुक्यातल्या, केरीच्या. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. ती तबकडी कुणी 64वर आणली नाही. म्हणजे ताऱ्यांच्या पलीकडे कुणी ऐकणारा निघालाच, तर त्याला केरीच्या बाईंचा सूर धड ऐकू येणार, आणि केरीपासून हाकेच्या अंतरावरच्या आम्हाला नाही!

आवाज फाटला तर आणखी वाढवावा.

पुरे झाले हे. पैसे नाहीत म्हणून कुणी रडत असेल तर समजून घेतले असते. रोषणाईला पैसे आहेत, शोभेच्या दारूला आहेत, माणसापेक्षा उंच स्पीकर भाड्याने आणायला आहेत. गाण्याला मात्र फुकटची, कुणीतरी चावून टाकलेली फाईल. नाटकाला पडदा फाटका आणला असता तर कमिटीला फाडून खाल्ले असते तुम्ही. एमपी3ला शिव्या देत नाही मी. मूळ सीडीवरून एकदाच, नीट, 320ची करा. मंडपात फरक ओळखणारा सापडणार नाही. दहा मिनिटांचे काम आहे. तेही होत नाही, आणि वर भाषणे कसली, तर गोवा ही सुरांची भूमी, आमच्या मातीत गाणे! मातीतच घातलेत तुम्ही. देवळाच्या कपाटात मूळ सीड्या पडल्या आहेत, भाविकांच्या देणगीतून घेतलेल्या. कपाटाची किल्ली कुणाकडे, ते अख्ख्या कमिटीत एकाला सांगता येत नाही. लाजा वाटू द्या जरा.