नंबर मागायची एवढी घाई कशाला?

"वॉट्सअ‍ॅपवर सगळं एन्क्रिप्टेड असतं गं, कशाला घाबरतेस?" लेडीज डब्यात, ट्रेकच्या बसमध्ये, सोसायटीच्या गणपतीत, जिथे तिथे हे ऐकवलं जातं. खरं आहे ते. २०१६ पासून तिथले मेसेज मधल्या मध्ये कुणाला वाचता येत नाहीत. पण मेसेज कुणी वाचेल ही माझी धास्ती नाहीच. मेसेज सुरू व्हायच्या आधी जो नंबर हातात द्यावा लागतो, त्याचं बोला.

मुंबईत ओळखी झटपट होतात. मुलुंडला चढलेली बाई दादर येईस्तोवर मुलीचा क्लास, सासूचा गुडघा सगळं सांगून मोकळी होते आणि दाराकडे सरकता सरकता म्हणते, "नंबर सांग, मिस्ड कॉल देते." बाई चांगलीच असते हो! पण तोच नंबर बँकेत, तोच आधारला, तोच गॅसला. पेमेंट अ‍ॅपमध्ये टाकून बघा, बँकेतलं नाव समोर येतं. आणि आपल्याकडे बँकेतलं नाव म्हणजे बऱ्याचदा वडलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं आलं. दहा आकड्यांत अर्धी कुंडली. त्यात तिने प्रेमाने साड्यांच्या ग्रुपमध्ये अ‍ॅड केलं, की ती कुंडली ग्रुपभर.

म्हणून नव्या ओळखीला मी सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवरचं युजरनेम, म्हणजे नंबरऐवजी सांगायचं नाव, देते. २०२४ मध्ये त्यांनी ही सोय आणली. नावाच्या शेवटी निदान दोन आकडे लागतात. समोरच्याने ते अचूक टाकायचं किंवा क्यूआर स्कॅन करायचा. नुसतं नाव शोधून कुणी सापडत नाही. त्याचा पहिला मेसेज रिक्वेस्ट म्हणून येतो, घ्यायचा की नाही आपण ठरवायचं. नको झालं तर युजरनेम बदला, जुन्या गप्पा तशाच राहतात. नंबर बदलायचा तर बँकेपासून सुरुवात! एक मात्र करा: प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'नंबरवरून मला कोण शोधू शकतं' तिथे 'कोणीही नाही' करा, कारण ते आपोआप होत नाही. खातं उघडायला नंबर लागतोच, आणि ज्यांच्याकडे तो आधीच सेव्ह आहे त्यांना दिसणारच.

टेलिग्रामवर युजरनेम फार आधीपासून आहे, पण तिथल्या साध्या चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त बोलणाऱ्या दोघांनाच वाचता येतील अशा) नसतात, त्यासाठी सीक्रेट चॅट मुद्दाम सुरू करावी लागते. अनोळखी माणसाशी बोलताना एवढं कोण लक्षात ठेवतं!

"भाव खाते" हे ऐकून घ्यावं लागतं. खाते भाव. पुरुषांना एक सांगते, पहिल्याच भेटीत बाईने नंबर दिला नाही म्हणजे तिने अपमान केला असं नसतं. "सिग्नल आहे का?" विचारलं तर फोन काढा, स्कॅन करा, विषय संपला. तेवढ्यासाठी कोण अ‍ॅप टाकणार, हा प्रश्न रास्त आहे. ज्याला खरंच बोलायचं असतं तो टाकतो, हा माझा अनुभव.

प्लंबरला मात्र नंबर देते. त्याला युजरनेम समजावेपर्यंत खालच्या मजल्यावरचे काका वर येतील.