ध्रुवाआड माड

गोव्यात सगळं जग पश्चिमेला तोंड करून बसतं. शॅकच्या खुर्च्या पश्चिमेला, सूर्यास्त पश्चिमेला, सेल्फी पश्चिमेला. मला मात्र हवी असते उत्तर. माझ्या दुर्बिणीला इक्वेटोरियल माउंट (आकाश फिरेल तशी दुर्बीण फिरवणारा स्टँड) आहे. त्याचा अक्ष आधी ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, नाहीतर पाहता पाहता तारा नजरेतून निसटतो. आता ध्रुव क्षितिजापासून तितकाच वर दिसतो जितका त्या जागेचा अक्षांश. श्रीनगरवाल्याला तो ३४ अंशांवर, ऐसपैस. गोव्यात १५! हात लांब करून वीत ताणली, तर ती पुरी व्हायच्या आत ध्रुव येतो. बाळाला अढळपद मिळालं खरं, पण गोव्यापुरतं ते तळमजल्यावर, आणि समोर माड. २०१६ साली इथल्या कायद्याने माडाला झाडांतून वगळलं होतं, म्हणजे तोडायला आडकाठी नव्हती. पुढच्या वर्षी तो पुन्हा झाड झाला. मी नेमका त्यानंतर गेलो.

बरं, ‘कॅराव्हॅन (राहायची सोय असलेली गाडी) घ्या, हवं तिथे थांबा’ असं सांगतात. प्रत्यक्षात गाडी थांबते ती ड्रायव्हरला वळवता येईल तिथे, आणि त्याला आवडते ती जागा म्हणजे प्लग पॉइंट असलेलं पार्किंग. प्लग पॉइंट आला की हॅलोजन आलाच. शेवटी काणकोणच्या गालजीबागला गेलो. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे रात्री किनाऱ्यावर दिवे नकोत असा दंडक. कासवांच्या पुण्याईने अंधार मिळतो, तो आपण घ्यावा.

प्रवासात दुर्बिणीचा थाट वेगळाच. खड्ड्यांत आरशांची जुळणी हलू नये म्हणून ती नळी गादीवर झोपते आणि मी कडेला, एक पाय हवेत. बायको म्हणते, “अहो, तिला उशीही द्या.” (दिली होती.)

ध्रुव दिसत नसेल तर उपाय आहे: माउंटवर अक्षांश १५ लावायचा आणि होकायंत्राने उत्तर धरायची. पण होकायंत्राला कॅराव्हॅन हे एक मोठं लोखंड दिसतं. गाडीजवळ उभं राहिलं की उत्तर दर पावलागणिक बदलते. म्हणून ट्रायपॉड उचलून लांब वाळूत जायचं. वाळूत तो एक-एक पाय खाली सोडत बसतो, आणि लेव्हलचा बुडबुडा प्रत्येक वेळी तिसऱ्याच कोपऱ्यात. तेवढ्यात दव पडतं आणि आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, घाम फुटतो.

एवढं करून मृग नक्षत्रातला तेजोमेघ (वायू-धुळीचा प्रचंड ढग) सापडला. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तीही झाली होती. त्या धुरकट डागातून सुमारे १३०० वर्षांपूर्वी, बदामीच्या चालुक्यांच्या राज्यात, निघालेला प्रकाश माझ्या डोळ्यापाशी येऊन पोचला. बायकोने शाल घ्यायला व्हॅनचं दार उघडलं. दार उघडलं की आतला पांढरा दिवा आपोआप लागतो, ही त्या गाडीची सोय आहे. चालुक्य गेले.

दिव्याने ड्रायव्हर जागा झाला. सावंतवाडीचा भला माणूस. म्हणाला, “साहेबानू, काळोखात तुमका काय दिसतलां? लाईट मारू?” मी ‘नको’ म्हणेपर्यंत हेडलाइट लागले. माडांच्या झावळ्या, सुरूची झाडं, माझा बुडता ट्रायपॉड, सगळं लख्ख दिसलं. फक्त आकाश गायब!

लगेच शिट्टी वाजली. कासवांची घरटी राखणारा वनखात्याचा माणूस धावत आला. दिवे बंद करवून घेतले, मग दुर्बिणीकडे बोट केलं.

“हातूंत कासवां दिसतात?”

“नाही हो.”

“मग कितें पळयता?”

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “ध्रुव शोधतायत.”

त्याने मान वळवली, क्षणभर अंदाज घेतला आणि म्हणाला, “तो थंय. माडाफाटल्यान.”